फिटची गोळी सुरू आहे? रक्तातली लेव्हल कधी तपासावी

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, कुठेही जा. फिट म्हणजेच मिरगीची गोळी वर्षानुवर्षे घेणारे भेटतात. गोळी सुरू असूनही फिट आली की घरचे म्हणतात, "डोस वाढवा." आमचं म्हणणं, आधी डॉक्टरांना विचारा, रक्तातली औषधाची लेव्हल तपासायची का?

ही तपासणी सगळ्यांना लागत नाही. गोळी घेऊनही फिट थांबत नसेल, झोक जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, गरोदरपण असेल किंवा टीबीचे औषध सुरू झाले असेल, तर ती कामाची ठरते. टीबीच्या आयसोनियाझिडने फेनिटोइनची लेव्हल वाढते, रिफाम्पिसिनने घटते.

फेनिटोइनची नेहमीची मर्यादा १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, कार्बामाझेपाइनची ४ ते १२, व्हॅल्प्रोएटची ५० ते १०० धरतात. फेनिटोइनबाबत जास्त जपावे लागते. डोस थोडासा वाढवला तरी लेव्हल एकदम चढू शकते. रुग्ण अशक्त असून रक्तात अल्ब्युमिन कमी असेल, तर रिपोर्ट नॉर्मल दिसूनही औषध जास्त झालेले असू शकते. म्हणून नुसता आकडा पाहून गोळी बदलू नये.

रक्त शक्यतो पुढची गोळी घेण्याआधी द्यावे, बहुधा सकाळी. शेवटची गोळी किती वाजता घेतली, एखादी चुकली का, हे लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना खरं खरं सांगावे. चुकलेली गोळी लपवली तर डोस उगाच वाढतो.

रमजानमध्ये सहरी ते इफ्तार बऱ्याच तासांचे अंतर पडते. तीन वेळच्या गोळ्या आपल्या मनाने दोन वेळेत बसवू नका, महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. सूरह बकराच्या १८४ व्या आयतीत आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. तपासणीला थोडे रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. शंका असल्यास आपल्या मौलानांना विचारावे.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फिट बंद झाली म्हणून गोळी अचानक सोडू नका. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा.