मानमोडीचं मोहोळ, आहुप्याचे काजवे

नहपान क्षत्रपाच्या राजवटीतलं ४६वं वर्ष. शकगणना धरली तर इ.स. १२४. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात तुम्ही उभे आहात आणि छिन्नीचे ठोके घुमताहेत. अयम नावाच्या अमात्यानं दान दिलेलं पाण्याचं टाकं आणि मंडप कोरण्याचं काम चाललंय. घाम पुसत तुम्ही वर बघता, तर कातळाच्या कपारीखाली काळंभोर आग्या मोहोळ लटकलेलं.

जवळ जाऊ नका, पण नीट बघा. पोळं दिसतच नाही, दिसतो तो माश्यांचा पडदा. मेणाचं एकच पोळं, त्यावर एकमेकींना धरून बसलेल्या हजारो कामकरी माश्या. गांधीलमाशी समोर घिरट्या घालू लागताच पडद्यावरून लाट सरकते: शेकडो माश्या पाठोपाठ पोटं वर उचलतात आणि खाली घेतात. गांधीलमाशी बिचकून मागे फिरते. माणसाला डसलेल्या माशीची नांगी तिथेच तुटून राहते. ती मरते; पण नांगीच्या वासावर बाकीच्या तुटून पडतात. इथे एकटीच्या जिवाचा हिशेबच नाही.

आता पश्चिमेला वळून घोड नदीच्या उगमाकडे, आहुप्याच्या रानात चला. वळीव नुकताच पडून गेलाय. अंधार दाटतो तसा हिरडा लुकलुकू लागतो. एक काजवा तळहातावर घ्या. पोटाच्या शेवटच्या वळ्या फिकट पिवळ्या. उजेड पडतो, पण चटका बसत नाही. हा नर. खाली झुडपात बसलेल्या मादीनं उत्तर द्यावं म्हणून तो एकटाच खुणा करत फिरतोय. ना राणी, ना घर, ना मधाचं कोठार. हाताशी जेमतेम काही आठवडे.

मला विचाराल तर काजव्याचं खरं आयुष्य हे नव्हेच. श्रावणापर्यंत थांबा आणि हिरड्याखालचा कुजका पाला उचला. काजव्याची चपटी, खवल्याखवल्यांची अळी गोगलगायीला डसते, विषानं तिला लुळी करते, मांस पातळ करून शोषून घेते. महिनोन्‌महिने तिचा हाच उद्योग. फुलोरा सरला की मोहोळ सगळं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या मुलखात जातं. अळीला कुठे जाता येतं? तिचा मुलूख त्या पाल्याएवढाच.

आज ज्येष्ठात आहुप्याला जाल तेव्हा बॅटरी आणि गाडीचे दिवे बंद ठेवा. पायवाट सोडू नका. दिव्यांच्या झगमगाटात नराची खूण मादीला दिसत नाही, आणि अंडी घालायला ती तुमच्या पावलांशीच ओल्या मातीत उतरलेली असते.