कोल्हापूरचे दिसणारे गाणे

मराठी रंगभूमीवरील गाणे हे मुख्यतः ऐकावयाचे गाणे होते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाचा जो प्रघात पाडला, त्यात पदांची संख्या दोनशेंच्या घरात होती. पुढे संख्या घटली. पण एकेक पद मात्र लांबत गेले. नट पुढे येई, दिव्यांच्या रांगेशी उभा राही, साथीदारांकडे एक कटाक्ष टाकी आणि मग कथा जेथल्या तेथे थांबे. नायिका वियोगाने व्याकूळ झालेली असो की क्रोधाने संतप्त झालेली असो, ‘वन्समोअर’चा पुकारा झाला की तिला माघारी येऊन तोच शोक किंवा तोच क्रोध नव्या तानांनी करावा लागे. रसिकांपैकी कित्येक जण डोळे मिटून नाटक ‘पाहात’, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे.

ह्या ऐकण्याच्या संस्कृतीचे कोल्हापूर हे मोठे ठाणे. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई होता. १८८३ पासून चालत आलेला देवल क्लब होता. १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर होते. ह्याच थिएटरास पुढे कोल्हापूरचे सुपुत्र केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत होरपळले. अशा गावात गाण्याला त्याच्या जागेवरून हलविण्याचे धाडस कोणी करील, असे सहसा वाटले नसते. परंतु ज्यांनी ते केले, त्यांचे हात आरंभी रंगात बुडालेले होते, सुरांत नव्हे.

बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. रंगभूमीवर गाणारा पुढे आणि चित्र त्याच्या पाठीमागे, हा क्रम त्यांनी जन्मभर पाहिलेला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी मात्र नाद सोडला नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पुरा केला. ही कंपनी म्हणजे एक शाळाच होती. तेथे इयत्ता नव्हत्या, प्रमाणपत्र नव्हते; झाडलोटीपासून कॅमेऱ्यापर्यंत पडेल ते काम हाच अभ्यासक्रम. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर, शांताराम वणकुद्रे हे तिचे विद्यार्थी. मूकपटात सूर नसल्यामुळे त्यांना एकच विद्या मिळाली: जे सांगावयाचे ते दाखवून सांगणे. १९२९ च्या जून महिन्यात ह्या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साहाय्याने कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना केली. गुरूच्या दारातून बाहेर पडून त्याच गल्ल्यांत नवे दुकान मांडणे सोपे नसते. त्यातून दोन वर्षांच्या आत बोलपटाने साऱ्याच मूक विद्येवर पाणी ओतण्याचा घाट घातला.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला. त्यात सात गाणी होती; पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभे’त सुमारे सत्तर. म्हणजे ज्या ओझ्याखाली संगीत नाटक वाकले होते, तेच ओझे चित्रपटाच्या खांद्यावर आले. यंत्राची अडचण त्याहून निराळी. चित्र आणि ध्वनी एकाच वेळी घ्यावे लागत. गाणाऱ्याने ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात राहावयाचे, वाजविणाऱ्यांनी कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा आडोशाला बसावयाचे, आणि कोठे कोणी खोकला तर सारे पुनः पहिल्यापासून. अशा स्थितीत नटाने खांबासारखे उभे राहून गावे, हीच सर्वांत सुरक्षित वाट होती. बहुतेकांनी ती धरलीही.

‘प्रभात’चा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकला. त्याचे संगीत आणि हरिश्चंद्राची भूमिका अशी दोन्ही कामे गोविंदराव टेंबे यांच्याकडे होती. टेंबे म्हणजे रंगसंगीताचे मूर्तिमंत प्रतिनिधी. १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली त्यांच्या, गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत त्यांचा वाटा, आणि पेटीवर त्यांचे बोट म्हणजे महाराष्ट्राचा एक अभिमान. (ह्याच पेटीला १९४० साली रेडिओने दार बंद केले, ही कथा वेगळी.) तेव्हा परंपरेला रजा दिली असे येथे मुळीच म्हणता येत नाही, उलट तिला मानाने पाचारण केले होते. वेगळेपण आले ते दुसऱ्या बाजूने. तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे होत्या. त्या सुशिक्षित घराण्यातील, कॉलेजात शिकलेल्या. नाटक मंडळीच्या तालमीत त्यांचा गळा घडलेला नव्हता. बैठक जिंकण्याची सवय नसलेल्या ह्या गळ्याने गाणे म्हटले, ते तारामतीच्या तोंडी शोभेल एवढेच. रंगभूमीच्या मापाने हा उणेपणा ठरला असता. तारामतीची अंगाई घ्या. अंगाईला मूल लागते आणि त्याच्यावर खिळलेली आईची नजर लागते. ती पिटातल्या प्रेक्षकाकडे तोंड करून गाता येत नाही. फत्तेलालांनी उभारलेली दृश्ये, धायबरांचा कॅमेरा आणि दामल्यांचे ध्वनिलेखन यांच्या मध्ये ते गाणे ठेवल्यावर चित्र गाण्याच्या पाठीमागचा पडदा उरले नाही.

ह्याच बोलपटात नारदाचे काम करणारा एक तरुण होता: मास्टर विनायक. नारद ही पौराणिक नाटकातली सर्वांत ठरीव भूमिका. गात यावे, कळ लावावी, गात जावे. त्या साच्यात विनायकराव बिनतक्रार उभे राहिले. साचा आतून पाहून ठेवण्याचा तो एक मार्गच होता म्हणावयाचा.

१९३३ साली ‘प्रभात’ने आपले बिऱ्हाड पुण्यास हलविले. तेथे केशवराव भोळे यांच्या साहाय्याने १९३७ च्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीताला रजा देऊन, त्या घरात आणि त्या रस्त्यात खरोखर ऐकू येतील तेवढेच ध्वनी ठेवण्याचा प्रयोग झाला, शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविताही घातली गेली. तो इतिहास पुण्याचा. मात्र तो करणाऱ्यांची मुळाक्षरे कोल्हापुरात गिरविलेली होती.

कोल्हापूर मात्र ओस पडले नाही. १९३६ मध्ये मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी तेथे ‘हंस पिक्चर्स’ काढली, आणि १९३८ साली तिचा ‘ब्रह्मचारी’ आला. कथा आचार्य अत्रे यांची, संगीत दादा चांदेकरांचे. औदुंबर नावाचा एक साधा तरुण ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून पेटतो, भिंतीवरच्या नट्यांची चित्रे उतरवितो आणि बलोपासनेच्या आश्रमात दाखल होतो. किशोरी नावाची तरुणी त्याचा निश्चय मोडावयास निघते. औदुंबर स्वतः विनायकराव, किशोरी मीनाक्षी शिरोडकर. सहा वर्षांपूर्वीचा आजन्म ब्रह्मचारी नारद आता ब्रह्मचर्याचीच थट्टा करावयास उभा राहिला होता.

ह्या बोलपटातील एका गाण्याने महाराष्ट्रात जी खळबळ उडविली, तिचे कारण पुष्कळांनी केवळ वस्त्रात शोधले. मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात पाण्याच्या काठी गातात, एवढे खरे. परंतु त्यांच्या तोंडचे शब्द कोणते, हे विसरून चालत नाही. ते शब्द यमुनेचे, तिच्या जळातल्या खेळाचे. संतांनी गौळणी रचल्या, शाहिरांनी रचल्या. तमाशात तर गणामागून गौळण आल्यावाचून पुढचा खेळ उभा राहात नाही. गौळणीचा संकेत साऱ्यांना पाठ: गोपी वाटेने निघते, कृष्ण वाट अडवितो, ती कृतककोपाने नको नको म्हणते. शृंगार कितीही मोकळा असला तरी तो देवाच्या खात्यावर मांडलेला असल्यामुळे माजघरातही खपून जातो. ‘ब्रह्मचारी’ने शब्दांवरचे भक्तीचे वस्त्र तसेच ठेवले आणि पालट फक्त गाणारीच्या वस्त्रात केला. शिवाय बाजूही उलटविल्या. येथे वाट अडविणारी ती, आणि नको नको म्हणणारा तो. आणखी गंमत अशी की हे गाणे नुसते ऐकले, तर त्यातले बंड ऐकूच येत नाही. तबकडीवर ते एक गोड, सालस गाणे आहे. अर्थ उलटतो तो पाहिल्यावर. डोळे मिटून गाणे ऐकणाऱ्या रसिकाला ह्या एका गाण्यापुरते तरी डोळे उघडणे भाग पडले.

ह्या चातुर्याचे श्रेय अत्रे आणि विनायकराव यांना मिळाले, ते योग्यच होते. जोखीम मात्र सारखी वाटली गेली नव्हती. लेखक विनोदाच्या आडोशाला उभा होता आणि दिग्दर्शक औदुंबराच्या बावळटपणात दडला होता. उघड्यावर एकटी गाणारी होती. पार्श्वगायनाची सोय १९३५ पासून कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने दाखवून दिली असली, तरी मीनाक्षीबाईंनी स्वतःच गाइले. म्हणजे आवाजही त्यांचा आणि देहही त्यांचा. १९९७ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत आणि त्यानंतरही, रंगभूमीवरच्या त्यांच्या पुढच्या साऱ्या कामगिरीआधी लोकांना तेच एक गाणे आठवत राहिले.

रूढीची तिच्याच शब्दांत थट्टा करण्याची ही तऱ्हा लगेच रुजली. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये शांतारामबापूंनी मुंबईच्या बॉम्बे टॉकीजच्या थाटातील लाडिक प्रेमगीतांची नक्कल करून घेतली, आणि मास्टर कृष्णरावांच्या संगीतात एकाच गाण्याला अनेक प्रांतांच्या भाषा बोलावयास लावल्या. मात्र ही थट्टा गाण्यांची होती. ‘ब्रह्मचारी’ची थट्टा गाणे ऐकणाराच्या सोज्ज्वळपणाची होती, आणि म्हणूनच ती अधिक झोंबली.

पुढे ‘हंस’ मोडली. विनायकरावांनी कोल्हापुरात ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ काढली, आणि १९४२ साली पितृछत्र हरपलेली एक बारा-तेरा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे कामास आली. ‘पहिली मंगळागौर’मध्ये तिने लहानसे काम केले आणि गाणेही म्हटले, कॅमेऱ्यासमोर उभे राहणे तिच्या मनाला कधी मानवले नाही. १९४७ च्या ऑगस्टमध्ये विनायकराव वारले. लता मंगेशकर त्यापूर्वीच मुंबईस गेल्या होत्या, आणि थोड्याच वर्षांत पडद्यावर दिसणारी एक आणि ऐकू येणारी दुसरी, हाच हिंदी-मराठी बोलपटाचा सर्वमान्य संकेत होऊन बसला.