पिंपाच्या तोट्यांचं गाव

मंडळी, इयत्ता नववीला फ्रेंच राज्यक्रांती मी सत्तावीस वर्षं शिकवली. बास्तीय, गिलोटिन, नेपोलियन, सगळं तोंडपाठ. पण त्या देशातल्या खेड्यात माणसं कशावर जगत होती हे ना पुस्तकात होतं, ना मी कधी स्वतःला विचारलं. २०१९ साली लेकीकडे तुलूजला गेले होते. तेव्हा जावईबापूंनी एका रविवारी गाडी काढून आम्हाला सँ सिर्क लापोपीला नेलं.

काओर शहराच्या पूर्वेला साधारण तीस किलोमीटरवर, लॉत नदीच्या डाव्या काठाला उभा कडा आहे. नदीपासून शंभरेक मीटर उंचीवर हे गाव त्याला चिकटून बसलंय. वस्ती जेमतेम दोनशेची. उतरती तपकिरी कौलं, दगडी गल्ल्या, आणि सरळ म्हणावी अशी भिंत शोधून सापडायची नाही. 'किती सुंदर!' असं सगळेच म्हणतात, मीही म्हटलं. नातवाने मात्र एका घराच्या खालच्या मोठ्या कमानीकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, घर एवढंसं आणि दार एवढं कशाला?" मास्तरीणबाई गप्प!

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की त्या दुकानांच्या कमानी. आत कातारी बसत. आसपासच्या डोंगरात बॉक्सवुडची झुडपं होतात. वाढ अगदी सावकाश, म्हणून लाकूड टणक. त्यापासून हे कातारी दारूच्या पिंपांच्या तोट्या करत. काओरची वाइन प्रसिद्ध, ती पिंपांत भरून होड्यांनी लॉतमधून गारॉन नदीत आणि तिथून बोर्दोला जाई. वरच्या अंगाच्या दकाझव्हीलच्या खाणींचा कोळसाही याच नदीने उतरे. येताना मीठ, खारवलेले मासे.

उतरताना प्रवाह साथ देई. चढताना मात्र होड्या काठावरून दोराने ओढाव्या लागत. कधी घोडे ओढत, कधी माणसं. गावाच्या खालच्या बाजूला गानिल इथे कडा थेट पाण्यात उतरतो, पाय ठेवायला जागाच नव्हती. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे कड्याच्या पोटातच वाट कोरली. आम्ही त्या वाटेने चाललो. डोक्यावर खडक पुढे आलेला, शेजारी हिरवं पाणी. पर्यटक फोटो काढत होते. मला सारखा तो खांद्यावरचा दोर आठवत होता, न पाहिलेला.

मग आगगाडी आली. माल नदीवरून रुळांवर गेला. त्याच सुमारास, १८७० नंतरच्या वर्षांत, फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षवेलींची मुळंच खाल्ली. वाइन नाही तर पिंप नाही, पिंप नाही तर तोटी कोण घेणार? होडीवाले गेले, कातारी हळूहळू कमी झाले, तरुण मुलं शहरांकडे गेली. १९२६ साली सरकारने लॉतचं नाव जलमार्गांच्या यादीतूनही काढून टाकलं.

आता आपण ज्याला 'जुनं जसंच्या तसं राखलेलं' म्हणतो ना, ते बऱ्याच अंशी यामुळे राहिलं असं मला वाटतं. नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. हे वाचून मला जरा लाजल्यासारखं झालं, कारण त्या वाकड्या भिंतींचे मी पंचवीस फोटो काढले होते.

१९५० साली कवी आंद्रे ब्रेतों इथे आला आणि गावाच्या प्रेमातच पडला. त्याने घर घेतलं, तेही होडीवाल्यांची जुनी खाणावळ! १९६६ साली वारला तोवर उन्हाळ्यात तो इथे येत असे. (जवळच्या पेश मेर्ल गुहेतली आदिमानवाची चित्रं खरी आहेत का बघायला याने १९५२ साली बोट लावलं, आणि त्याबद्दल कोर्टाने दंड केला. वर्गात असं पोरगं एक तरी असतंच.) चित्रकार, लेखक येत राहिले. २०१२ साली तर एका टीव्ही कार्यक्रमात फ्रेंच लोकांनी हे आपलं सर्वांत आवडतं गाव म्हणून निवडलं.

असो. नातवाला मी फोनवर त्या कमानींचं उत्तर सांगितलं. त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मग त्या वाटेवर समोरून दुसरी होडी ओढणारे आले तर?" तेही शोधायला हवं. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.