घरचे धन आणि घरचे शस्त्र

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जेथून सुरू होतो, ते कळंबोली आज लोखंड-पोलादाच्या बाजारामुळे सर्वांस परिचित आहे. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या या उपनगरात पोलादाला तोटा नाही. परंतु केवळ पोलादाने घर सुरक्षित होते काय, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर याच परिसराच्या इतिहासात डोकावले पाहिजे.

कळंबोलीहून पनवेल ओलांडले की पळस्पे लागते आणि त्यापुढे शिरढोण. 4 नोव्हेंबर 1845 रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला तो या शिरढोणास. परकी सत्तेविरुद्ध सैन्य उभारावयाचे तर पैसा हवा, म्हणून फडक्यांनी 1879 च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील धामारी येथे पहिली धाड घातली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे सहकारी दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि पळस्पे व चिखली या गावांवर त्यांची धाड पडली. सुमारे दीड लाख रुपयांचा ऐवज लुटला गेला. घाटमाथ्याकडे परतत असता मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले व त्या चकमकीत दौलतराव पडले.

त्या काळच्या घरांना संरक्षण नव्हते असे नव्हे. जाड भिंती, आतून सरकविण्याचा लाकडी अडसर, कडी-कोयंडा, तळघर, जमिनीत पुरलेला हंडा, असे नाना उपाय लोकांस ठाऊक होते. शिवाय गावोगाव राखणदारीची जुनी व्यवस्था होती. देशावर अनेक गावी हे काम वंशपरंपरेने रामोशांकडे असे. चोरी झाली तर माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला तर जबाबदारी त्या गावावर जावयाची. आणि माग न लागल्यास राखणदाराने नुकसान भरून द्यावयाचे, असा रिवाज होता. इंग्रजी अमलात ही व्यवस्था मोडली, राखणदारांची वतने व हक्क आटले, आणि त्यावर 1876-77 चा दुष्काळ कोसळला. फडक्यांच्या दलात रामोशी मोठ्या संख्येने सामील झाले याचे मर्म येथे आहे. ज्याच्या हाती गावाची राखण, त्याचेच पोट तुटले, तर अडसर कितीही भक्कम असला तरी तो किती काळ टिकणार?

याच सुमारास घरातील शस्त्राचीही स्थिती पालटली. 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. युरोपियनांस मात्र सूट मिळाली. या भेदामुळे तो कायदा लोकांच्या मनात सलत राहिला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. त्यानेही परवाना कायम ठेवला. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. जी तलवार एके काळी पेटीची राखण करी, तिच्या जागी बंदूक आली, आणि आता पेटीनेच बंदुकीची राखण करावयाची वेळ आली आहे.

पेटीचाही स्वतंत्र इतिहास आहे. मुंबईत घरफोड्या वाढल्याचे वृत्तपत्रांत वाचून आर्देशिर गोदरेज यांनी 1897 साली लालबाग येथे कुलुपांचा कारखाना काढला, असे सांगतात. 1902 पासून ते तिजोऱ्याही करू लागले. पुढे पोलादी कपाट मध्यमवर्गीय घरातही आले. तथापि कपाट व तिजोरी यांत अंतर आहे. साध्या पत्र्याचे कपाट पहारेच्या एका नेटाने उघडते. जाड पोलादाची, भिंतीत किंवा जमिनीत पक्की बसविलेली तिजोरी चोराचा वेळ खाते, आणि वेळ हाच चोराचा खरा शत्रू होय.

सोने गेले तर एका कुटुंबाचे नुकसान होते. ते पुन्हा घडविता येते. पण बंदूक चोरीस गेली तर ती कोणाच्या छातीवर रोखली जाईल, हे मालकास सांगता येणार नाही. म्हणूनच 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षित साठवणुकीवर भर दिला आहे. शस्त्र रिकामे करून कुलुपात असावे, काडतुसे निराळ्या जागी, त्याही कुलुपात असावी, आणि किल्ली देवघरामागच्या खिळ्यावर नसावी. चोरी झाल्यास पोलिसांस तत्काळ वर्दी द्यावी. दागिन्यांची वजने व छायाचित्रे नोंदवून ठेवावी. नित्य न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे. घरात काय आहे, याची वाच्यता तर कोठेही करू नये.

एवढे करूनही एक उणीव राहते. इमारतीतील बंद दारावरचे कुलूप, आत कोणी नाही हे साऱ्या जगास सांगत असते. शेजारी आठ दिवस गावी गेला आहे, त्याच्या दाराशी अनोळखी पावले वाजत आहेत, हे ज्यास कळते व जो उठून दार उघडून पाहतो, तोच आजचा जागल्या. राखण मोडली की गाव कसे उघडे पडते, हे पळस्प्याने 1879 साली पाहिले. कळंबोलीच्या बाजारात पोलाद हवे तितके मिळेल. शेजाऱ्याची नजर मात्र विकत मिळत नाही, ती परस्परांच्या ओळखीतूनच मिळवावी लागते.