जुन्या घराचे मोल

भिंती खचलेल्या, छप्पर गळके, परंतु जोते शाबूत, असे एखादे जुने घर विकावयास निघाले म्हणजे घेणाऱ्यापुढे उभा राहणारा प्रश्न दिसावयास अगदी साधा असतो. मागणी किती करावी? विकणारा आजोबांच्या वेळचे सागवान दाखवितो, घेणारा भिंतीवरची ओल दाखवितो, आणि मध्यस्थ दोघांचीही री ओढतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या टापूतील जुन्या वस्त्यांत हा प्रसंग आजही घडतो. परंतु ज्या आकड्यावर अखेर हात मिळविले जातात, त्या आकड्यापर्यंत पोहोचण्याची रीत काळाप्रमाणे पालटत आली आहे. मराठवाड्यात तर गेल्या काही दशकांत तिने असे विलक्षण वळण घेतले की, पूर्वी ज्या गोष्टी जमेच्या बाजूस मांडल्या जात त्याच आता खर्चाच्या बाजूस जाऊन बसल्या.

घराची किंमत ही दोघांतली खाजगी गोष्ट होय ही कल्पना फार जुनी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वास्तुविक्रयाचे स्वतंत्र प्रकरण आहे. घर घेण्याचा पहिला मान भाऊबंदांचा, नंतर शेजाऱ्यांचा, त्यानंतर धनकोंचा, आणि त्यांनी नाकारले तरच परक्यांचा, असा क्रम तेथे घालून दिलेला आहे. विक्री करावयाची ती शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष, त्या घरापुढे उभे राहून. या मोलास कोण घेतो, असे तीनदा पुकारावयाचे आणि कोणी हरकत घेतली नाही तरच व्यवहार पुरा व्हावयाचा. चढाओढीने किंमत वाढली तर वाढलेली रक्कम विकणाऱ्यास नव्हे, तर राजाच्या खजिन्यात जावयाची! लिलावातल्या ईर्षेला याहून चांगला लगाम क्वचितच कोणी घातला असेल. या पद्धतीत घेणाऱ्याचा एक मोठा लाभ होता. ज्या चाळीस कुळांपुढे पुकारा होई, त्यांना त्या घराचे छप्पर कोठे गळते आणि विहिरीचे पाणी कधी आटते हे पुरते ठाऊक असे. घराचे दोष झाकून ठेवणे तेथे अवघडच होते.

शहरे वाढली, शेजारी शेजाऱ्यास ओळखेनासा झाला, आणि दोष झाकण्याची कला वाढीस लागली. रोमन पंडित सिसरो याने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या प्रश्नाचा खल केला आहे. घर रोगट आहे, त्यातील लाकूड कुजले आहे, हे धन्याशिवाय कोणास माहीत नाही. धन्याने ते न सांगता विकले तर तो अन्याय होय की नव्हे? सिसरोने दिलेला खराखुरा खटला तर अधिकच बोलका आहे. क्लॉडियस सेंटुमॅलस नावाच्या गृहस्थाचे रोममधील सीलियन टेकडीवर उंच घर होते. शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या दृष्टीआड ते येत असल्याने वरचा भाग उतरवून घ्यावा, असा हुकूम त्याला झाला. त्याने हुकूम मनात ठेवला आणि घर विक्रीस काढले. कॅल्पर्नियस लॅनेरियसने ते घेतले, आणि थोड्याच दिवसांत तोच हुकूम त्याच्या हाती पडला. न्यायाधीश होता मार्कस केटो. विकणाऱ्याला ठाऊक होते आणि त्याने सांगितले नाही, म्हणून नुकसान त्यानेच भरून द्यावे, असा निवाडा त्याने दिला.

आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम याच जातीचे आहे. विकणाऱ्यास माहीत असलेला महत्त्वाचा दोष त्याने घेणाऱ्यास सांगितला पाहिजे, असे ते म्हणते. मात्र त्यात एक अट आहे, आणि हिंगोलीच्या जुन्या घराच्या बाबतीत सारा पेच त्या अटीतच आहे. तो दोष असा असला पाहिजे की, घेणाऱ्याने साधारण सावधगिरी बाळगूनही तो त्याच्या लक्षात आला नसता. डोक्यावर असलेले छप्पर हे सर्वांनाच दिसते. तेव्हा त्याचा हिशेब करण्याचे काम घेणाऱ्याच्याच शिरावर येते.

या छपराकडे वळण्यापूर्वी गावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. हिंगोली येथे १८१९ पासून हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती १९०३ मध्ये उठली. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे तेवढी मागे राहिली. फौज गेली म्हणजे साहेबांच्या घराचे काय मोल उरते, याची कल्पना करणे कठीण नाही. भिंती त्याच, पण त्यांत राहू इच्छिणारा माणूस गेलेला. पुढे १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा उलट प्रकार घडला. कचेऱ्या आल्या आणि त्यांच्यामागून राहावयास जागा मागणारी माणसे आली.

निजामी अमदानीतील बयनामे उर्दूत असत, त्यामुळे आजच्या वारसास आपल्याच घराची चतुःसीमा दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागते. ती वाचवून घ्यावी हे खरे, कारण कोणती भिंत सामाईक आणि कोणती स्वतःची हे तेथेच कळते, आणि सामाईक भिंतीस हात लावावयाचा तर शेजाऱ्याची संमती लागते. किंमत वाचतानाही सावध राहावे लागते. हैदराबाद संस्थानाचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार रुपया यांचे मोल एक नव्हते. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. सातशे हालीस घेतलेले घर पुण्या-मुंबईच्या भाषेत सहाशेचेच.

आता घराकडे. ज्या श्रोत्यांनी मराठवाड्याचे माळवद पाहिलेले नाही, त्यांनी कौलारू कोकणी घर क्षणभर विसरावे. येथे घर मोजतात ते खणांनी. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या मातीचे सपाट छप्पर, हेच माळवद. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, ओबडधोबड दगडांच्या, पुष्कळदा चुन्याऐवजी मातीतच रचलेल्या. उन्हाळ्यात अशा घरात जो गारवा असतो तो सिमेंटच्या खोलीत पंखा लावूनही मिळत नाही, ही गोष्ट त्याच्या निंदकांनीही मान्य करावी. जुने जाणकार अशा घराचे मोल करीत ते असे: जागा किती, खण किती, खांब-तुळया कोणत्या लाकडाच्या, चिरे किती निघतील, भिंत किती जाड आणि माळवद किती भरीव. जाड भिंत आणि भरीव माळवद म्हणजे खानदानी घर. दोहोंचीही किंमत धरली जाई.

हे माळवद भरीव कसे होते ते पाहण्यासारखे आहे. दरवर्षी मृगापूर्वी गृहस्थ छपरावर चढतो, गवत उपटतो, उंदरांची बिळे बुजवितो, आणि पाणी झिरपू नये म्हणून नव्या मातीचा थर पसरतो. जुनी माती काढण्याची वहिवाट नाही. मुलाने बापाच्या थरावर थर दिला, नातवाने त्यावर दिला. जे घराणे अधिक दक्ष, त्याचे छप्पर अधिक जड. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती साचली, तर ती दीडशे घनफूट भरते आणि तिचे कोरडे वजनच सुमारे पावणेसात टन होते. पावसाने भिजली म्हणजे त्याहून जास्त. इतके वजन माथ्यावर घेऊन माणसे पिढ्यान्‌पिढ्या स्वस्थ झोपत आली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे दगावली. भूकंपाच्या जोराच्या मानाने हा संहार फार मोठा होता, आणि त्याचे कारण घरांच्या बांधणीत सापडले. जाड भिंतीच्या आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात. मध्ये दगडांची खांडे आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नसला, तर हादऱ्यासरशी पदर सुटतात आणि वरची माती खाली येते. उलट, जेथे लाकडी खांब आणि तुळया चांगल्या जोडलेल्या होत्या, तेथे भिंत बाहेर कोसळूनही छप्पर खांबांवर तोलून राहिल्याची उदाहरणे पाहणाऱ्यांनी नोंदविली.

येथे जुन्या मोजणीची उलटापालट झाली. खांब-तुळयांचे मोल टिकले, किंबहुना वाढले. भिंतीची जाडी आणि माळवदाची भर मात्र जमेतून उठली. पुनर्वसनाच्या काळात जुनी घरे मजबूत करण्याचे उपाय सांगण्यात आले: भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड बसविणे, वरून सिमेंट-सळईचा पट्टा फिरविणे, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरकस आधार देणे, माळवदावरची माती उतरवून थर पातळ करणे. उपाय शास्त्रशुद्ध होते. तरीही अनेक कुटुंबांनी जुने घर सुधारण्याऐवजी त्याच्या शेजारी विटा-सिमेंटची एकच नवी खोली उठविणे पसंत केले. दगडी घरावरचा विश्वास उडाला होता, आणि उडालेल्या विश्वासाचीही बाजारात किंमत होते.

हिंगोलीकरांना ही गोष्ट दूरची वाटत होती, पण फार काळ वाटली नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्याच वर्षी १० जुलै रोजी सकाळी सातनंतर तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा. मार्चमधील धक्क्यानंतर ज्यांच्या छपराचे पत्रे दगड ठेवून दाबलेले आहेत त्यांनी ते दगड काढून घ्यावेत, असे आवाहन शेजारच्या नांदेड जिल्ह्यात प्रशासनाने केले. डोक्यावर काय आहे हे पाहण्याची वेळ त्या दिवशी पुष्कळांवर आली असेल.

मग मागणी करावी ती किती? जुनी रीत पायापासून वर मोजीत जाई: जागा, दगड, लाकूड. ती रीत चुकीची नाही. तीतून घराची खालची मर्यादा कळते, म्हणजे घर उतरवून टाकले तरी जे हाती राहील ते. वरची मर्यादा मात्र शेवटाकडून उलटी मोजावी लागते. त्याच गल्लीत तेवढेच घर, नीट दुरुस्त स्थितीत, कितीला जाईल? समजा, वीस लाखांस. त्यातून गवंडी, सुतार आणि अभियंता यांनी सांगितलेला दुरुस्तीचा खर्च, समजा सहा लाख, वजा करावा. माळवद उघडले म्हणजे वाळवीने खाल्लेली तुळई निघतेच, म्हणून त्यावर चौथाई, दीड लाख, आणखी. मुद्रांक, नोंदणी, दस्त तपासणी आणि काम चालू असतानाचे दुसऱ्या घराचे भाडे मिळून दीड लाख. उरले अकरा. जागा आणि लाकूड मिळून नऊ लाखांचे असेल, तर बोलणे नऊ आणि अकरा यांच्या दरम्यानच व्हावयाचे. त्यापलीकडे देणारा हौसेचे पैसे देतो, आणि हौसेला हरकत कोणाची? सरकारी मूल्यदर तक्ता मुद्रांक शुल्क ठरविण्यासाठी असतो. घराची तुळई कुजली आहे की नाही हे त्याला कळत नाही.

जोते शाबूत असेल तर वरचे पुष्कळ बदलता येते. औंढ्याच्या नागनाथाचे देऊळच पाहावे. खालचे यादवकालीन दगडी काम तसेच आहे आणि वरचा भाग पुढच्या काळात विटा-चुन्याने उभारलेला आहे. म्हणून पाहणी खालून सुरू करावी. जोत्याला लोणा लागला आहे काय, कोपऱ्यांत उभ्या भेगा आहेत काय, भिंतीचे पोट सुटले आहे काय, हे पाहावे. मग धन्याची परवानगी घेऊन छपरावर जावे, पन्हळीपासून दूर, मधोमध, हातभर जागा खणावी, फळीपर्यंत पोहोचावे, आणि मातीचा थर किती बोटे भरतो ते मोजून नंतरच खाली उतरून आकडा सांगावा.