वळ, खिळा आणि क्लीट

सायकलच्या शर्यतींत स्वारानें आपला पाय यंत्रास बांधून कां घ्यावा, हें कळण्यास पायडलाची गति पाहिली पाहिजे. पायडल खालीं दाबतांना पाऊल कसेंही असलें तरी निभावतें. तें वर येऊं लागलें कीं मोकळें पाऊल घसरतें. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पोलादी पिंजरा व चामडी पट्टा ही योजना रूढ झाली. १८९५ सालीं अमेरिकेंत चार्ल्स हॅन्सन यानें पट्ट्यावांचून जोडा अडकविण्याची युक्ति काढली होती. पण लोकांनीं पट्टाच पत्करला.

पट्ट्याच्या जोडीला बुटाच्या तळव्यास खांच असलेली एक पट्टी ठोकीत. हीच क्लीट. ती कोठें मारावी हें मोजपट्टी ठरवीत नसे. स्वार प्रथम कोरा बूट घालून कांहीं मैल फिरून येई. पायडलाच्या कडेचा वळ चामड्यावर उमटे, आणि त्या वळावर क्लीट खिळ्यांनीं ठोकली जाई. पद्धत ओबडधोबड खरी, पण मोठी शहाणपणाची; कारण आपला कल पाऊल स्वतःच सांगे. कोणाचीं बोटें बाहेर वळलेलीं, कोणाचीं सरळ. क्लीट जराशी वांकडी बसली तर शिक्षा पावलाला नव्हे, गुडघ्याला! मिनिटास नव्वद फेरे धरले, तर तासांत ५,४०० वेळां तो त्याच चुकीच्या वाटेनें वळावयाचा.

दुसरें भय पडण्याचें. पट्टा आवळलेला स्वार सायकलीसकटच आडवा होई. इटलींतील चिनो चिनेली यांनीं १९७० च्या सुमारास बिनपट्ट्याचें पायडल केलें, परंतु त्यांतून सुटण्यास वाकून हातानें खटका ओढावा लागे. पडतां पडतां एवढी फुरसत कोणास असते?

उत्तर आलें तें बर्फावरून. फ्रान्समधील नेव्हेर गांवची लूक कंपनी बर्फावर घसरण्याच्या फळ्यांना बूट जखडणारे बंध करी. पडतांना ते आपोआप सुटले नाहींत तर पायच मोडावयाचा. हीच कल्पना १९८४ सालीं पायडलांत उतरली: क्लीट दाबली कीं अडके, टाच बाहेर फिरविली कीं सुटे. १९८५ मध्यें बर्नार इनो यानें याच पायडलांवर फ्रान्सची महाशर्यत पांचव्यांदा जिंकली. दोन वर्षांपूर्वीं त्याच्याच गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती! तरीहि आयर्लंडचा शॉन केली पुढें कित्येक वर्षें पट्ट्यालाच चिकटून राहिला.

आरंभींच्या क्लीटा पावलास तसूभरहि हलूं देत नसत. गुडघे कुरकुरूं लागले, तेव्हां पाऊल थोडेंसें डावें-उजवें फिरूं देणारीं पायडलें निघालीं. टाइम कंपनीच्या अशा पायडलांवर पेद्रो देलगादो १९८८ ची महाशर्यत जिंकला. १९९० मध्यें शिमानोनें डोंगरी सायकलींसाठीं दोन स्क्रूंची लहान क्लीट काढली. ती तळव्याच्या खळग्यांत लपते, त्यामुळें स्वारास चालतां येतें.

खिळे गेले, स्क्रू आले. चूक झाली तर आतां सैल करून सुधारतां येते. चवड्याचा फुगीर भाग पायडलाच्या आंसावर किंवा किंचित् पुढें यावा, हा सामान्य नियम. आणि झिजलेली क्लीट काढण्यापूर्वीं जाणता कारागीर तिच्या कडेनें तळव्यावर रेघ ओढून ठेवतो, व नवी त्याच रेघेंत बसवितो.