विधिसंघर्षग्रस्त बालकांची हिंसाविषयक धारणा

अठरा वर्षांखालील ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे किंवा ज्याने गुन्हा केल्याचे आढळले आहे, त्याला बाल न्याय अधिनियम, २०१५ ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. अशी मुले कशाला हिंसा मानतात आणि कशाला मानत नाहीत, हा या नोंदीचा विषय.

हिंसा वाईट, हे यातली बरीच मुले मान्य करतात. फक्त आपण केलेली मारामारी त्यात धरत नाहीत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स व डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये या पळवाटांची मांडणी केली : जबाबदारी झटकणे, इजा झालीच नाही म्हणणे, मार खाणाऱ्यालाच दोषी ठरवणे, न्याय करणाऱ्यांची लायकी काढणे आणि दोस्तीची आण पुढे करणे. ‘त्याने खुन्नस दिली’, ‘आधी तोच नडला’, ‘भावासाठी गेलो’ ही त्यांचीच मराठी रूपे. फिलाडेल्फियातील वस्त्यांचा अभ्यास करणारे इलायजा अँडरसन (१९९९) यांच्या मते, पोलीस आपल्याला वाचवतील हा भरवसा जिथे नसतो तिथे दरारा हेच संरक्षण ठरते. पुण्यातील तथाकथित ‘कोयता गँग’मधील पोरांचे रील पाहताना हे आठवते. घरात किंवा शाळेत खाल्लेला मार मुले सहसा ‘शिस्त’ म्हणून सांगतात, आणि हे त्यांना मोठ्यांनीच शिकवलेले असते.

समाजाचे मापही एकच नाही. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेची शाखा ३० जानेवारी १९४८ रोजी निजामविरोधी लढ्यातील सशस्त्र कार्यकर्त्यांनी लुटली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण शस्त्र कोणी, कशासाठी उचलले यावर निवाडा ठरतो, हे त्यातून कोणत्याही पोराला कळते. टोळीतला मुलगा हाच निकष आपल्या गल्लीला लावतो. फरक असा की त्याचा ‘लढा’ फक्त त्याच्या दोस्तांनाच दिसतो.

आज उमरीतील अल्पवयीन मुलगा ताब्यात घेतला गेला, तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्याही घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात. त्यांपैकी किमान एक महिला. परिवीक्षा अधिकाऱ्याने करायच्या सामाजिक तपासणी अहवालात मुलाला स्वतःला झालेल्या मारहाणीचीही नोंद अपेक्षित असते. मुलाची बाजू लिहून घेण्याची खरी जागा हीच. तिथे घाईने चार ओळी खरडल्या तर पुढे ती कुठेच येत नाही.

सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर निर्घृण अपराधाचा आरोप असेल, तर कलम १५ नुसार प्राथमिक मूल्यमापन होते. त्यात अपराध करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटनेची परिस्थिती तपासतात; त्यावरून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवायचे की नाही हे ठरते. मात्र परिणाम पुरते कळूनही एखाद्याला आपले कृत्य न्याय्यच वाटत असेल, तर त्या वाटण्याला या तीन कसोट्यांत स्वतंत्र स्थान नाही. मंडळातील सदस्यांकडे बालमानसशास्त्राची पदवी नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात स्पष्ट केले.